औषधदानापासून ज्ञानदानापर्यंत : कर्करोग-संशोधन आणि लोकनिधीचा इतिहास

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी दानाची चार अंगे जैन परंपरेने सांगितली आहेत. यांपैकी आहारदान आणि औषधदान यांची उदाहरणे गावोगावी दिसतात. समाजाने चालविलेले दवाखाने, रुग्णवाहिका, मोठ्या रुग्णालयांशेजारच्या धर्मशाळा, नेत्रशिबिरे आणि अन्नछत्रे यांतून ही परंपरा आजही जिवंत आहे. अशा कार्यास दिलेल्या रुपयाचे फळ दात्यास डोळ्यांनी पाहता येते. रुग्ण बरा होऊन घरी जातो, त्याच्या आप्तांच्या चेहऱ्यावर समाधान दिसते आणि दात्याचे नाव कोनशिलेवर कोरले जाते.

कर्करोगावरील संशोधनास दिलेल्या रुपयाचे तसे नाही. त्याचे फळ दहा-वीस वर्षांनी मिळते. कधी ते मिळतही नाही आणि मिळाले तरी त्याचा लाभ घेणाऱ्यास दात्याचे नाव ठाऊक नसते. म्हणूनच संशोधनासाठी निधी उभारणे हे उपचारासाठी निधी उभारण्याहून नेहमीच अवघड ठरत आले आहे. तथापि गेल्या शतकाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट स्पष्टपणे पुढे येते. ज्या प्रश्नाचे उत्तर बाजारात विकून नफा मिळवता येत नाही, त्या प्रश्नाचा शोध घेण्यास व्यापारी कंपन्या सहसा पुढे येत नाहीत. तेथे शासनाचा तरी पैसा लागतो किंवा लोकांचा. कर्करोगाच्या क्षेत्रात लोकांच्या पैशाने काय घडविले, याचा हा संक्षिप्त आढावा.

मुंबईतील आरंभ

भारतातील या इतिहासाचा उगम एका कौटुंबिक दुःखात आहे. जमशेटजी टाटा यांचे ज्येष्ठ पुत्र सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्या काळी या व्याधीवर कोणताही उपाय नव्हता. अमाप संपत्ती, विलायतेतील नामांकित वैद्य आणि उत्तमोत्तम शुश्रूषा हे सर्व उपलब्ध असूनही काही उपयोग झाला नाही. पैशाने औषध विकत घेता येते, परंतु जे औषध अद्याप कोणाला सापडलेलेच नाही ते कसे विकत घ्यावे?

या अनुभवानंतर सर दोराबजींनी एप्रिल १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टची स्थापना केली. रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनास साहाय्य करणे हे या न्यासाचे प्रमुख उद्दिष्ट ठेवण्यात आले आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा जगभरातील संशोधकांसाठी राखून ठेवण्यात आला. एका भारतीय न्यासाने देशाच्या व धर्माच्या सीमा न मानता केवळ ज्ञानवृद्धीसाठी दान द्यावे, ही त्या काळातील असाधारण घटना होती. त्याच वर्षी ३ जून रोजी दोराबजींचेही निधन झाले. मेहरबाईंना त्यांनी भेट दिलेला २४५ कॅरटचा प्रसिद्ध ज्युबिली हिरा त्यांच्या पश्चात विकला गेला आणि त्याची रक्कम सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या कामी आली. हिरे-माणकांच्या व्यवहाराची जाण असलेल्या समाजास या परिवर्तनाचे मोल निराळे सांगावयास नको.

याच सर दोराबजी टाटा ट्रस्टने परळ येथे उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. पुढे १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. अणुऊर्जा विभागाचे प्रमुख डॉ. होमी भाभा हे लेडी मेहरबाईंचे भाचे होते. दानातून उभी राहिलेली संस्था राष्ट्राच्या स्वाधीन झाली आणि तिचा खर्च शासनाने उचलला. दानाने बीज पेरावे आणि पुढील पोषण राष्ट्राने करावे, असा हा क्रम पुढेही अनेकदा दिसून येतो.

डॉ. खानोलकर आणि रूढींचा शोध

टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो. रुग्णालय म्हणजे केवळ उपचाराचे स्थान नसून तेथे येणारा प्रत्येक रुग्ण हा ज्ञानाचाही स्रोत आहे, अशी त्यांची दृष्टी होती.

१९४५ साली त्यांनी आपल्या सहकारी सूर्याबाई यांच्यासमवेत एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. भारतीय लोकांच्या रूढी व सवयी यांतून उद्भवणाऱ्या तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन त्यात होते. कमरेस धोतर घट्ट आवळून नेसल्याने त्या जागी वर्षानुवर्षे होणाऱ्या घर्षणातून उद्भवणारा त्वचेचा कर्करोग हा पहिला. तंबाखू व चुना यांची खैनी खालच्या ओठाच्या आत धरून ठेवल्याने होणारा ओठाचा कर्करोग हा दुसरा. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात ठेवून धूम्रपान करण्याच्या प्रथेमुळे होणारा टाळूचा कर्करोग हा तिसरा. या निबंधातून कोणतेही नवे औषध निघाले नाही, विकण्याजोगी कोणतीही वस्तू तयार झाली नाही. परंतु कर्करोग हा केवळ दैवाचा फेरा नसून त्याची कारणे माणसाच्या नित्य व्यवहारात शोधता येतात आणि म्हणून तो टाळताही येतो, हा विचार भारतीय वैद्यकात रुजला. १९५२ साली डॉ. खानोलकरांच्या पुढाकाराने मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली. १९६६ साली ही संस्था व रुग्णालय एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र निर्माण झाले.

काकिनाडा ते बोस्टन

ज्या व्याधीने लेडी मेहरबाईंचा बळी घेतला, त्या व्याधीवरील पहिला आशेचा किरण दिसला तो अमेरिकेतील बोस्टन नगरात. या घटनेमागेही एका भारतीयाचे श्रम आहेत आणि एका भारतीय धर्मादाय संस्थेचे साहाय्यही आहे.

आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे गरिबीतून शिकलेले वैद्य. त्यांच्या घरात स्प्रू या पोषणनाशक व्याधीने मृत्यू ओढवला होता. १९२०च्या दशकात ते उच्च शिक्षणासाठी बोस्टनला गेले. मित्रांची मदत, सासऱ्यांनी जमविलेली रक्कम आणि काकिनाडा येथील मल्लाडी सत्यलिंगम नायकर धर्मादाय संस्थेचे साहाय्य यांमुळे हा प्रवास शक्य झाला. एका होतकरू तरुणाला परदेशी शिकण्यास मदत करताना त्या संस्थेच्या चालकांसमोर कर्करोगाचा विचारही नसणार. पुढे लेडर्ले प्रयोगशाळेत काम करीत असताना सुब्बारावांच्या नेतृत्वाखाली फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार करण्यात आले. त्यानंतर त्याच्या क्रियेस विरोध करणारी द्रव्येही तयार झाली. अमिनोप्टेरिन हे त्यांपैकी एक.

बोस्टनच्या बाल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७ सालच्या अखेरीस हे द्रव्य रक्ताच्या तीव्र कर्करोगाने ग्रस्त बालकांना देऊन पाहिले. ३ जून १९४८ रोजी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात १६ बालकांची हकीकत आहे. त्यांपैकी १० बालकांच्या प्रकृतीत सुधारणा झाली. मरणाच्या दारी असलेली मुले पुन्हा हिंडू-फिरू लागली. ही सुधारणा तात्पुरती होती. काही महिन्यांत रोग परत आला. तरीही औषधाने हा रोग मागे हटविता येतो, हे तोवर कोणी दाखविले नव्हते. त्याच वर्षी ८ ऑगस्ट रोजी सुब्बारावांचे निधन झाले. त्यांच्या कार्याचे पूर्ण फळ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

या प्रयोगांना पुढे नेण्यासाठी पैसा हवा होता. बालकांचा कर्करोग ही तुलनेने विरळ व्याधी असल्याने तिच्यात व्यापारी लाभ थोडा होता. अशा वेळी बोस्टनमधील नाट्यगृहे व चित्रपटगृहे यांच्या व्यवसायातील मंडळींची ‘व्हरायटी क्लब’ ही स्थानिक संस्था पुढे आली. २२ मे १९४८ रोजी रेडिओवरील एका लोकप्रिय कार्यक्रमात रुग्णालयातील एका बारा वर्षांच्या मुलाशी संवाद प्रसारित करण्यात आला. मुलाचे खरे नाव गुप्त ठेवून त्यास ‘जिमी’ असे संबोधण्यात आले. त्याच्या खोलीत बोस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाचे खेळाडू एकामागून एक येऊन त्यास भेटले. लोकांनी २०,००० डॉलर्स दिले तर जिमीला खेळ पाहण्यासाठी दूरचित्रवाणी संच मिळेल, असे आवाहन करण्यात आले. प्रत्यक्षात २,३१,००० डॉलर्सहून अधिक रक्कम जमा झाली. त्यानंतर चित्रपटगृहांत, दुकानांत आणि क्रीडांगणांवर डबे फिरू लागले. नाणे-नाणे जमवून झालेल्या या निधीतून १९५२ साली संशोधन व उपचारासाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली.

लोकांचा असा समज होता की जिमी केव्हाच मरण पावला असावा. परंतु १९९८ साली तो जिवंत असल्याचे जाहीर झाले. मेन राज्यातील शेतकरी कुटुंबातील आयनार गुस्टाफसन हाच तो मुलगा. त्यास आतड्यातील लिम्फोमा झाला होता. तो बरा झाला, त्याने संसार केला आणि २००१ साली वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्याचे निधन झाले. फार्बर यांच्या त्या सोळा बालकांस जे मिळाले नाही ते पुढच्या पिढ्यांस मिळाले. एकामागून एक चाचण्या होत गेल्या, अनेक औषधांचा मेळ घालण्यात आला आणि आज संपन्न देशांत बालकांमधील रक्ताच्या तीव्र कर्करोगाचे सर्वांत सामान्य स्वरूप दहापैकी सुमारे नऊ बालकांत बरे होते. काकिनाड्याच्या धर्मादाय संस्थेने केलेल्या साहाय्याचा प्रवास असा दूरवर पोहोचला.

एका पायाने केलेली पदयात्रा

लोकनिधीच्या इतिहासात कॅनडातील टेरी फॉक्स या युवकाचे स्थान वेगळे आहे. वयाच्या अठराव्या वर्षी, १९७७ साली, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला. रुग्णालयात पाहिलेल्या बालरुग्णांच्या वेदना त्याच्या मनात घर करून राहिल्या. संशोधनासाठी प्रत्येक देशबांधवाने एक डॉलर द्यावा, असा संकल्प करून १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायाने देश ओलांडावयास निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर धावल्यानंतर रोग फुप्फुसांत पसरल्याचे आढळले आणि त्यास थांबावे लागले. २८ जून १९८१ रोजी त्याचे निधन झाले. मात्र तत्पूर्वीच निधी दोन कोटी चाळीस लाख डॉलर्सच्या पुढे गेला होता. तेव्हा कॅनडाची लोकसंख्याही सुमारे तेवढीच होती. आपल्या धावण्यातून कोणी व्यापारी लाभ घेऊ नये, असा त्याचा कटाक्ष होता. त्याच्या नावाची वार्षिक दौड पुढे अनेक देशांत सुरू झाली. मुंबईतही ती भरविण्यात आली आणि तिचा निधी टाटा स्मारक केंद्रातील संशोधनाच्या कामी आला.

मोजदादीचे मोल

संशोधन म्हणजे केवळ नवे औषध, असा एक सार्वत्रिक समज आहे. परंतु कोणत्या भागात, कोणत्या वयात, कोणता कर्करोग किती जणांना होतो, हे ठाऊक नसेल तर उपाययोजना आखणार कशी? या मोजदादीसाठी वर्षानुवर्षे घरोघरी, रुग्णालयोरुग्णालयी आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेऱ्यांत खेटे घालावे लागतात. या कामात प्रसिद्धी नाही आणि नफाही नाही.

भारतात हे काम सर्वप्रथम एका धर्मादाय संस्थेने हाती घेतले. डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ साली स्थापन केलेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारित अशी ही देशातील पहिली नोंदणी होय. राष्ट्रीय पातळीवरील नोंदणी कार्यक्रम त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी आला.

मुंबईचे आकडे खेड्यापाड्यांना लागू पडतील, असे मात्र म्हणता येत नव्हते. या प्रश्नाचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने दिले. डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने अश्विनी ग्रामीण कॅन्सर रिसर्च अँड रिलीफ सोसायटी या धर्मादाय संस्थेच्या वतीने १९८२ साली तेथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय सुरू झाले. १९८७ साली या परिसरात देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक असल्याचे तीतून निदर्शनास आले. खेड्यातील स्त्री अंगावर दुखणे काढते, घरात सांगावयास संकोचते आणि रुग्णालयात येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगावी जाऊन माहिती देऊ लागल्यावर स्त्रिया रोगाच्या आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या, असे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. केवळ नीट मोजणे व बोलणे यांचाही असा परिणाम होऊ शकतो.

बार्शीची चाचणी

या पायावर पुढे एक मोठी चाचणी उभी राहिली. ‘क्लिनिकल ट्रायल’ या शब्दाची अनेकांस धास्ती वाटते. म्हणून तिचे स्वरूप थोडक्यात समजून घेणे इष्ट ठरेल. दोन उपायांपैकी कोणता चांगला, हे खरोखरच कोणास ठाऊक नसते तेव्हा सहभागी व्यक्तींची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत विभागणी केली जाते. प्रत्येक गटास निराळा उपाय दिला जातो आणि काही वर्षांनी निष्कर्ष ताडून पाहिले जातात. वैद्याचे मत, रुग्णाची आशा किंवा कंपनीची जाहिरात यांचा प्रभाव निकालावर पडू नये, हा त्यामागील हेतू असतो.

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ ते २००३ या काळात गावांचे ५२ समूह करण्यात आले. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रिया या अभ्यासात होत्या. एका गटात ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखे द्रव्य, लावून डोळ्यांनी केलेली तपासणी, अशी योजना होती. चौथ्या गटास तेव्हा सर्वत्र जे मिळत होते तेवढेच, म्हणजे माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा मिळाली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे कार्य केले. यासाठी लागणारा मोठा निधी अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानाकडून आला. परंतु कितीही मोठ्या देणगीने गावकऱ्यांचा विश्वास एका दिवसात विकत घेता आला नसता. तो विश्वास बार्शीच्या रुग्णालयाने व नोंदणीने त्याआधी सतरा वर्षे खपून मिळविला होता.

२००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणू-तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रियांचा मृत्यू झाला, तर तपासणी न झालेल्या गटात ६४ स्त्रियांचा. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पुढे २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने याच प्रकारच्या तपासणीस प्रथम पसंती द्यावी, अशी शिफारस केली. मराठवाड्यातील ज्या शेतकरी-शेतमजूर स्त्रियांनी संकोच बाजूस सारून तपासणी करून घेतली, त्यांनी जगभरातील स्त्रियांच्या पदरात हे ज्ञान टाकले.

स्वस्त उत्तरे कोण शोधणार?

तंबाखूच्या व्यसनापायी आपल्या देशात मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. रोग प्राथमिक अवस्थेत असताना व मानेत गाठ लागत नसताना मानेतील रसग्रंथी त्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे, याविषयी जगभरातील शल्यविशारदांत अनेक दशके मतभेद होते. टाटा स्मारक केंद्रात २००४ ते २०१४ या काळात चाचणी करून २०१५ साली त्याचे उत्तर देण्यात आले. पहिल्या ५०० रुग्णांच्या विश्लेषणात आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर जिवंत होते, तर थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणजे दर आठ रुग्णांमागे एक जीव अधिक वाचला.

२०२३ साली याच केंद्राच्या पुढाकाराने झालेल्या आणखी एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी गाठीभोवती साधे भूल देण्याचे इंजेक्शन दिल्यास काय होते, हे सुमारे १,६०० स्त्रियांच्या सहभागाने तपासण्यात आले. इंजेक्शन दिलेल्या गटात पाच वर्षांनंतर ९०.१ टक्के स्त्रिया जिवंत होत्या, तर न दिलेल्या गटात ८६.४ टक्के. हे औषध जुने, सर्वत्र मिळणारे आणि अत्यल्प किमतीचे आहे.

शस्त्रक्रियेच्या क्रमाचे पेटंट घेता येत नाही आणि काही रुपयांच्या जुन्या इंजेक्शनातून कोणत्याही कंपनीस मोठा नफा होत नाही. म्हणून असे प्रश्न सार्वजनिक पैशावरच सोडवावे लागतात. वरील दोन्ही चाचण्यांचा भार शासनाच्या निधीने वाहिला. पण त्यांस जागा देणारी संस्था मुळात एका दुःखी पतीच्या दानातून उभी राहिली होती, हे विसरता येत नाही.

अहिंसा आणि संमती

या विषयाची दुसरी बाजूही निर्भीडपणे पाहिली पाहिजे. नवे औषध माणसास देण्यापूर्वी प्राण्यांवर त्याचे प्रयोग करण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली आहे. जीवदयेचे व्रत पाळणाऱ्या दात्यास हा प्रश्न टोचल्याखेरीज राहणार नाही आणि तो टोचलाही पाहिजे. मात्र सर्वच संशोधन या प्रकारचे नसते, हे वरील उदाहरणांवरून ध्यानात येईल. रोगाची नोंदणी, तपासणीच्या पद्धतींची तुलना, शस्त्रक्रियेच्या क्रमाची चाचणी, जुन्या औषधाचा नवा उपयोग आणि तंबाखूमुक्तीच्या उपायांचा अभ्यास, या सर्वांत नव्याने प्राण्यांस इजा करण्याचा प्रसंग सहसा येत नाही. शिवाय भारत सरकारने २०२३ साली औषध-चाचणीच्या नियमांत बदल करून मानवी पेशींवर आधारित पर्यायी पद्धतींस वाव दिला आहे. अशा पर्यायांच्या विकासासाठी दिलेले दान हे ज्ञानदान तर आहेच, शिवाय अभयदानही आहे.

दुसरा प्रश्न माणसांचा आहे. बार्शी व मुंबई येथील तपासणीच्या चाचण्यांत काही स्त्रियांना तपासणीविना ठेवण्यात आले, यावर पुढे टीका झाली. त्या काळी देशात अशा तपासणीची कोणतीही सार्वत्रिक सोय नव्हती, तुलना केल्याविना लाभ सिद्ध झाला नसता, असे संशोधकांचे म्हणणे. तपासणीचा लाभ अन्य देशांत दिसून आला होता, मग गरीब स्त्रियांना तीतून का वगळावे, असा टीकाकारांचा सवाल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. २०१० साली आंध्र प्रदेश व गुजरात येथील एक लस-प्रकल्प शासनाने थांबविला. त्यातील काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही, परंतु वसतिगृहातील मुलींसाठी पालकांऐवजी इतरांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले. अशा घटनांनंतर नियम कडक झाले. २००९ पासून औषध-चाचण्यांची नोंद सार्वजनिक नोंदवहीत करणे बंधनकारक आहेच. २०१९ च्या नियमांनी नीतिसमिती, संमती आणि इजा झाल्यास नुकसानभरपाई यांविषयीच्या तरतुदी एकत्र आणल्या.

दात्यांचे कर्तव्य

या इतिहासातून स्थानिक न्यासांसाठी काही बोध निघतो. संशोधनासाठी निधी देताना चार गोष्टी विचारून घ्याव्यात. ही चाचणी सार्वजनिक नोंदवहीत नोंदविलेली आहे काय? स्वतंत्र नीतिसमितीने तीस मान्यता दिली आहे काय? सहभागी रुग्णास त्याच्या भाषेत सर्व समजावून सांगितले जाते काय आणि इजा झाल्यास त्याची जबाबदारी कोण घेतो? निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो प्रसिद्ध केला जाईल काय? हमखास गुण येण्याचे आश्वासन देऊन देणगी मागणाऱ्यापासून सावध राहावे. खरा संशोधक उत्तर ठाऊक नाही असेच सांगतो, कारण ते ठाऊक असते तर शोधाची गरजच उरली नसती.

लहान न्यासास लाखो डॉलर्सची चाचणी पेलणार नाही, हे उघड आहे. पण नोंदणी करणाऱ्या एका कार्यकर्त्याचे वेतन, चाचणीसाठी वारंवार यावे लागणाऱ्या रुग्णाचे प्रवासभाडे व निवास, एखाद्या तरुण संशोधकाची शिष्यवृत्ती, गावातील तपासणी शिबिरांचा खर्च, एवढे काम जिल्ह्याच्या ठिकाणचा न्यासही करू शकतो. रुग्णालयाशेजारी चालविलेली धर्मशाळा हीसुद्धा संशोधनाची साधनसामग्रीच आहे. परगावचा रुग्ण अर्ध्यावर उपचार सोडून गेला तर त्याचा जीव धोक्यात येतो आणि चाचणीचा निष्कर्षही अपुरा राहतो.

आणखी एक दाता या सर्व हिशोबात बहुधा मोजला जात नाही. तो म्हणजे चाचणीत सहभागी होणारा रुग्ण. बोस्टनची ती सोळा बालके, टाटा स्मारक केंद्रातील मुखकर्करोगाचे रुग्ण, धाराशिव जिल्ह्यातील त्या स्त्रिया, यांपैकी अनेकांना मिळालेल्या ज्ञानाचा स्वतःसाठी काहीच उपयोग झाला नाही. ते ज्ञान त्यांनी न पाहिलेल्या माणसांच्या वाट्यास आले. त्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नाहीत. पन्नास वर्षांच्या कार्यात अनेक ज्ञात-अज्ञात हातांचे साहाय्य घेऊन पुढे आलेल्या न्यासास, सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी पुढील पन्नास वर्षांच्या दानाचा संकल्प करताना, या गुप्तदानाचे स्मरण उपयोगी पडेल.